उंडी, रॉकेल आणि डिझेल

"मामा, रॉकेलला रॉकेल का म्हणतात?" भाचीने परवा विचारलं. तिच्या पिढीला रॉकेलचा वाससुद्धा माहीत नाही, त्यामुळे प्रश्न गोड वाटला. रॉक ऑइलचं झालं रॉकेल, म्हणजे दगडातलं तेल. आणि गॅसलाइटचं झालं घासलेट. हे सांगताना लक्षात आलं की आपल्या किनाऱ्याचा सगळा इतिहास तेलांच्या नावांवरून सांगता येईल. मग म्हटलं, लिहूनच काढूया.

रॉकेलच्या आधी आमच्याकडे दिव्यात काय असायचं? खोबरेल महाग. ते डोक्याला आणि देवाला. घरातल्या रोजच्या दिव्याला उंडीचं तेल. उंडीचं झाड मालवणी माणसाला वेगळं सांगायला नको. समुद्राच्या कडेला, खाऱ्या वाऱ्यात, जिथे दुसरं काही धड उभं राहत नाही तिथे ते हिरवंगार उभं असतं. चकचकीत पानं, पांढरी फुलं, गोल फळं. फळं गोळा करायची, फोडायची, आतला गर सुकवायचा आणि घाण्यावर द्यायचा. सुकलेल्या गरातून निम्म्याहून जास्त तेल निघतं. हिरवट, कडू, उग्र वासाचं. खायला उपयोग नाही, पण दिव्याला चालतं, सांधेदुखीवर चोळतात, आणि होडीच्या लाकडाला लावलं की लाकूड टिकतं. होडीला मोरीच्या, म्हणजे शार्कच्या, यकृताचं तेलही लावायचे. त्याच्या वासाबद्दल न बोललेलं बरं!

या तेलाचा हिशोब गावातच मिटायचा. झाड परड्यात, घाणा वाडीत, पेंड शेतात.

मग रॉकेल आलं. १८९२ साली 'म्युरेक्स' नावाचं जहाज रशियन रॉकेल पोटात भरून सुएझ कालव्यातून पूर्वेकडे गेलं. सुएझमधून तेल नेणारं ते पहिलं टँकर जहाज. त्यानंतर पूर्वेकडच्या देशांत स्वस्त रॉकेलचा पूर आला. उजेड जास्त आणि मेहनत शून्य, त्यामुळे उंडीचा दिवा हरला यात नवल नाही. उगाच गळा काढण्यात अर्थ नाही. कंदिलाच्या उजेडात शिकलेल्या मुलाला विचारा, तो पुन्हा पणतीकडे जाणार नाही.

पण दिवा हरला तरी शीड हरलं नव्हतं. पहाटे मतलई वाऱ्यावर समुद्रात जायचं आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परत यायचं, हे वेळापत्रक किनाऱ्याने हजारो वर्षं पाळलं. मुंबईची आगबोट विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत कोळशावर यायची. मासेमारी मात्र शिडावर, वल्ह्यावर आणि रापणीवर. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबच लांब जाळं. पंचवीस-तीस माणसं दोरीला लागतात आणि मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. इंधन काय? भात आणि पेज!

मासेमारीला यंत्र लागलं ते स्वातंत्र्यानंतर. पंचवार्षिक योजनांतून कर्जं मिळाली, सहकारी सोसायट्या निघाल्या आणि होड्यांना डिझेल इंजिनं बसली. आमच्या एका म्हाताऱ्या नातेवाइकांना मी एकदा विचारलं होतं की शिडाचे दिवस बरे होते का. ते म्हणाले, "वारो फुकट होतो रे, पन तेचो भरवसो नाय होतो." एवढं नेमकं उत्तर मला कुठल्याही पुस्तकात मिळालं नाही. ज्यांची माणसं वारा पडल्यामुळे रात्रभर समुद्रात अडकली, त्यांना इंजिन म्हणजे देव वाटला तर ते साहजिकच आहे.

गंमत (की दुर्दैव?) अशी, की वारा फुकट होता तेव्हा त्याची एक मर्यादाही होती. फार लांब जाता येत नव्हतं, फार ओढता येत नव्हतं. डिझेलने ती मर्यादा काढून टाकली. आधी ट्रॉलर आले, मग पर्ससीन, मग एलईडी. या एलईडी बोटी रात्री जनरेटर लावून समुद्रात दिवाळी करतात आणि उजेडाला जमलेली मासळी उपसतात. महाराष्ट्राने पर्ससीनवर २०१६ साली निर्बंध आणले, केंद्राने २०१७ साली एलईडी मासेमारीवर बंदी घातली. तरी मालवणात पारंपरिक मच्छीमारांना त्यासाठी रस्त्यावर उतरावं लागलं. जवळची मासळी कमी झाली की अजून लांब जायचं, लांब गेलं की अजून डिझेल. सरकार डिझेलवरच्या कराचा परतावा देतं, म्हणजे डिझेलवरच सलाईन! एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तापणाऱ्या अरबी समुद्राने त्याचं उत्तर द्यायला सुरुवात केली आहेच. २०१९ चं क्यार, २०२१ चं तौक्ते. तौक्तेनंतर आमच्या भागात कित्येक दिवस वीज नव्हती. तेव्हा मेणबत्ती शोधताना मला उंडीची आठवण झाली होती, हे आत्ता लिहिताना आठवलं.

आणि डांबर. मे महिन्यात किनाऱ्यावर अनवाणी चाललात की तळपायाला काळं चिकटतं. साबणाने जात नाही, खोबरेल लावून पुसावं लागतं. समुद्रात सांडलेल्या खनिज तेलातला हलका भाग थोड्याच दिवसांत उडून जातो. उरलेला जाड भाग पाण्यात घुसळून, वाळू-कचरा चिकटून गोळे बनतो. पावसाच्या तोंडावर वारे फिरले की ते गोळे किनाऱ्याला लागतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी या गोळ्यांच्या रासायनिक खुणा तपासल्या. काही गोळे टँकर धुतलेल्या पाण्यातले निघाले, काही बॉम्बे हायच्या तेलाचे. म्हणजे आखातातून पूर्वेला जाणारं कुणाचं तरी तेल, आणि धुतो कोण, तर वायंगणीच्या किनाऱ्यावरची कासवाची पिल्लं. मोठे अपघात वेगळेच. २००६ मध्ये कारवारजवळ 'ओशन सेराया' फुटलं आणि तेल गोव्याच्या किनाऱ्यापर्यंत आलं. २०१० मध्ये मुंबईजवळ 'एमएससी चित्रा'तून शेकडो टन तेल सांडलं. पण अपघाताची निदान बातमी होते. गोळ्यांची होत नाही, ते दरवर्षी येतात.

याच तेलाचा कारखाना आमच्या दारात यायचा होता. वर्षाला सहा कोटी टन शुद्धीकरण क्षमतेचा नाणारचा प्रकल्प. त्यात देवगड तालुक्यातली गिर्ये आणि रामेश्वर ही गावंही होती. लोक उठले, २०१९ मध्ये तिथलं भूसंपादन रद्द झालं. मग २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर, कातळशिल्पांच्या शेजारी, पोलीस बंदोबस्तात माती परीक्षण झालं. माझं मत विरोधकांच्या बाजूचं. "मग पेट्रोल कशाला भरतोस?" हा एका काकांचा प्रश्न मला टोमणा वाटत नाही, त्याचं उत्तर द्यायलाच हवं.

उत्तराचे तुकडे आहेत. शतकाच्या सुरुवातीला सगळीकडे मोगली एरंडाची हवा होती. २००३ च्या सुमारास सरकारी कागदावर २० टक्के बायोडिझेलचं स्वप्न होतं, ते कागदावरच राहिलं. पडीक जमिनीत एरंड जगतो खरा, पण बी देत नाही पुरेसं. उंडीचं बायोडिझेल होतं, पण झाडाला फळ धरायला वर्षं लागतात, आणि ट्रॉलरच्या टाकीपुढे परड्यातल्या चार झाडांचं काय चालणार? मला ते तेल होडीच्या लाकडावरच शोभतं.

गोबर गॅस मात्र आमच्याकडे खरंच रुजला. १९८४ मध्ये आलेलं 'दीनबंधू' नावाचं घुमटाकार संयंत्र कुडाळ तालुक्यातल्या झारापच्या भगीरथ प्रतिष्ठानने आजूबाजूच्या घराघरांत पोचवायचा प्रयत्न केला. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज पन्नासेक किलो शेण लागतं, म्हणजे गोठ्यात चार जनावरं हवीत. आणि गोठेच ओस पडत चाललेत, ही खरी अडचण.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो केरळचा दाखला. वैकमला २०१७ च्या जानेवारीत 'आदित्य' ही ७५ प्रवाशांची सौरबोट सुरू झाली, अडीचेक किलोमीटरच्या फेरीवर. मालवणच्या धक्क्यापासून सिंधुदुर्ग किल्ला त्याहून जवळ. पावसाळ्यात किल्ल्याच्या बोटी बंदच असतात आणि बाकीचे आठ महिने ऊन मरणाचं. आमच्याकडे समुद्र मोकळा आहे, तिथे खाडीसारखं शांत पाणी नाही, हे मान्य. लाटा आणि खडक बघून बोट वेगळी बांधावी लागेल, पैसे सुरुवातीला जास्त लागतील, आणि ते बोटवाल्यांच्या सोसायटीकडून एकट्याने जमणार नाहीत. पण खाली प्रवाळ आहेत, १९८७ पासून अभयारण्य आहे, आणि वर पर्यटकांना घेऊन जाणाऱ्या बोटी तेलाचा तवंग सोडत जातात. पहिली सौरबोट कुठे घालायची असेल तर ती इथेच. लाकडी बांधली तर तिला लावायला थोडं उंडीचं तेल आमच्या परड्यातलं देईन.