चावी आत, आपण बाहेर

आमच्या धंद्यात 'डेडलॉक' नावाचा एक प्रकार असतो. 'अ'ला पुढे जायला 'ब'कडची वस्तू हवी असते, 'ब'ला 'अ'कडची. दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात आणि प्रोग्रॅम कायमचा लटकतो. इंजिनियरिंगला यावर हमखास प्रश्न यायचा, आणि मी उत्तर घोकून पासही झालो होतो. पण डेडलॉक म्हणजे काय ते मला खरं कळलं मे महिन्यात, पालमच्या रस्त्यावर, दुपारी दीडच्या सुमारास. दार उघडायला किल्ली हवी. किल्ली घ्यायला दार उघडायला हवं. किल्ली गाडीच्या आत. आणि गाडीच्या आत माझी अडीच वर्षांची भाची.

(आधीच सांगून टाकतो, ती सुखरूप आहे. नाहीतर तुम्ही पुढचा इतिहास वाचणार नाही आणि वाचूही नये.)

झालं असं. मामेभावाच्या लग्नाला पुण्याहून गाडी घेऊन निघालो होतो. मी, ताई आणि मागच्या सीटवर भाची. गंगाखेड सोडलं आणि तिची किरकिर सुरू झाली. पालमला ताई मेडिकलमध्ये उतरली. भाची रडायला लागली म्हणून मी इंजिन बंद करून किल्लीच तिच्या हातात दिली. किल्ली हे जगातलं सर्वोत्तम खेळणं आहे हे कोणत्याही मामाला विचारा. मग मीही पाण्याची बाटली घ्यायला उतरलो. दुकान चार पावलांवर. 'दोन मिनिटांचं तर काम.' मागे दार लागलं, आणि 'टुक' आवाज आला. इंडिकेटर एकदा लुकलुकले.

तिनं बटण दाबलं होतं.

मी काचेला नाक लावून "बाळा, परत दाब ना, तेच बटण!" असं ओरडत होतो. तिला वाटलं, मामा मजा करतोय. तिनं किल्ली उंच धरून मला दाखवली, हसली, आणि किल्ली सीटखाली टाकून दिली. दुसरी किल्ली पुण्यात, कपाटाच्या वरच्या खणात. त्या कपाटालाही कुलूप!

पहिली तीन-चार मिनिटं लोक हसत होते, मीही हसत होतो. मग ती रडायला लागली. मग तिचे केस कपाळाला चिकटलेले दिसायला लागले. त्या गाडीला कुलूप कसं लागलं, का लागलं आणि ते कोणी उघडलं, याचा मी घरी आल्यावर बराच शोध घेतला. त्यातून निघालेली ही कथा.

सुरुवात शब्दांपासून करू. मराठीत 'कुलूप' हा शब्द आला अरबीतून, 'कुफ्ल'वरून. वाटेत 'फ'चा 'प' झाला आणि अक्षरांनी जागा बदलल्या. 'चावी' आली पोर्तुगीजांबरोबर, त्यांच्या 'शाव्ह'वरून. 'लॅच' इंग्रजांचं. म्हणजे आपल्या दाराला कुलूप अरबी, त्याची चावी पोर्तुगीज आणि फ्लॅटचं लॅच इंग्रजी. मग आपलं स्वतःचं काय होतं? आपला होता अडसर.

जुन्या वाड्याचा अडसर पाहिलाय का? दाराच्या आतल्या बाजूला, भिंतीतल्या खोबणीतून सरकणारं आडवं जाड लाकूड. त्याची गंमत अशी की तो फक्त आतूनच लावता येतो. म्हणजे अडसर लावायला घरात माणूस लागतं. आणि माणूस घरात असलं की बाहेरचा कधी कायमचा बाहेर राहत नाही. कडी वाजवायची, हाक मारायची, कोणीतरी डोळे चोळत येतं. अडसराच्या जमान्यात 'किल्ली आत राहिली' हा प्रसंग संभवतच नाही.

गडांचंही तेच. शिवकाळात गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी असत, समान दर्जाचे, म्हणजे एकट्याच्या हातात गड नाही. (टू-फॅक्टर ऑथेंटिकेशनचा आपण उगाच गवगवा करतो.) संध्याकाळी दरवाजे बंद करणं, किल्ल्या स्वतःजवळ ठेवणं आणि सकाळी दरवाजे उघडणं ही हवालदाराची जबाबदारी. रायगडाची हिरकणीची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. दरवाजे बंद झाले, खाली तान्हं बाळ, पहारेकरी ऐकेनात, म्हणून ती कडा उतरून गेली. ती दंतकथा आहे, पण नीट बघा: तिच्यात दाराशी एक माणूस आहे. तो 'नाही' म्हणाला, पण त्याला विचारता तरी आलं. माझ्या गाडीच्या दारापाशी विचारायला कोणीच नव्हतं.

बाहेरून लावायचं कुलूप लागतं ते रिकाम्या घराला. मुंबईत १८९६ च्या सप्टेंबरात प्लेग आला आणि लाखो लोक शहर सोडून गेले. पुढच्याच वर्षी, १८९७ मध्ये, अर्देशिर गोदरेज यांनी लालबागमध्ये एका शेडमध्ये कुलुपं बनवायला सुरुवात केली. या दोन गोष्टींचा थेट संबंध होता असं मी म्हणत नाही. पण बंद घरांच्या शहरात कुलुपाचा कारखाना निघावा, हे मला सूचक वाटतं. अर्देशिर मूळचे वकील. झांझिबारला एका खटल्यात, स्वतःला खरी वाटत नाही ती बाजू मांडायला त्यांनी नकार दिला आणि वकिलीच सोडली. पुढे १९०२ पासून ते तिजोऱ्याही बनवू लागले, आणि १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लाखो मतपेट्या त्यांच्याच कंपनीच्या विक्रोळीच्या कारखान्यात तयार झाल्या.

पण आपला मुद्दा वेगळा आहे. त्या काळातली बरीच लिव्हरची कुलुपं उघडतानाच नव्हे, तर लावतानाही किल्ली फिरवूनच लावायला लागायची. आजोबांच्या घरचं कुलूप आठवा. किल्ली हातात असल्याशिवाय ते बंदच होत नसे. याचा अर्थ, किल्ली आत विसरून दार लावणं अशक्य! आज आपण 'फूल-प्रूफ डिझाइन' म्हणून ज्याचं कौतुक करतो ते कुलुपात फुकट मिळत होतं. मग आलं स्प्रिंगचं लॅच. दार ओढलं की आपोआप बंद. बंद करायला किल्ली नको, उघडायला मात्र हवी. बाहेर अडकण्याचा इतिहास या एका असमानतेतून सुरू होतो. किल्ली फिरवायचे दोन सेकंद वाचले, त्याची किंमत फ्लॅट संस्कृतीतली प्रत्येक पिढी पायजम्यावर जिन्यात उभं राहून चुकवते आहे.

कुलुपाची ताकद किती, यावरही एक छान किस्सा आहे. लंडनच्या ब्रामा कंपनीने आपलं कुलूप दुकानाच्या काचेत ठेवून आव्हान दिलं होतं: उघडून दाखवा आणि २०० गिनी घेऊन जा. ते कुलूप दशकानुदशकं कोणालाच उघडलं नाही. १८५१ च्या लंडनच्या जागतिक प्रदर्शनासाठी आल्फ्रेड हॉब्ज नावाचा अमेरिकन कुलूपवाला आला. त्याने आधी चबचं नावाजलेलं कुलूप पंचवीसेक मिनिटांत उघडलं. मग ब्रामाच्या मागे लागला आणि सोळा दिवसांत मिळून एकावन्न तास खर्चून तेही उघडलं. लोक हादरले. असली माहिती चोरांच्या हाती पडेल असं म्हणणाऱ्यांना त्याचं उत्तर साधारण असं होतं की चोरांना ती आधीपासूनच आहे, अंधारात आहेत ते फक्त मालक. सिक्युरिटीवाले आजही हेच भांडण भांडतात.

गाड्यांकडे वळू. सुरुवातीच्या मोटारी उघड्या, त्यांना दाराचं कुलूप कशाला? इंजिन पुढून हँडल मारून चालू करायचं. १९१२ मध्ये कॅडिलॅकने विजेवर चालणारा स्टार्टर आणला, आणि १९४९ मध्ये क्रायस्लरने किल्ली फिरवताच इंजिन सुरू होईल अशी सोय केली. किल्ली म्हणजे गाडी, हे समीकरण तेव्हापासूनचं. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८०० च्या ग्राहकाला गाडी सोपवली, ती किल्ली हातात देऊनच. त्या पिढीच्या बऱ्याच जपानी घडणीच्या गाड्यांत एक शहाणपण होतं: ड्रायव्हरचं दार किल्लीशिवाय लॉक करायचं तर बाहेरचं हँडल उचलून धरूनच दार लावावं लागे. नुसतं आपटलं तर लॉक सुटायचं. म्हणजे गाडी विचारायची, "नक्की ना?"

मग रिमोट आले. १९८२ मध्ये फ्रान्सच्या रेनॉ फ्युएगो गाडीबरोबर रिमोटचं लॉक मिळायला लागलं. ते शोधणाऱ्या पॉल लिपशुट्झच्या नावावरून फ्रेंच लोक त्याला 'प्लिप' म्हणायला लागले. पुढे एकदा वापरलेला कोड पुन्हा चालू नये म्हणून दर वेळी बदलणारे रोलिंग कोड आले. त्यातली 'कीलॉक' ही पद्धत १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत तयार झाली, कित्येक कंपन्यांनी वापरली, आणि २००८ मध्ये जर्मनीतल्या बोखुमच्या संशोधकांनी तिची नक्कल करता येते हे दाखवून दिलं. २०११ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी तर खिशातल्या किल्लीचा सिग्नल लांबवर पोचवून दहा मॉडेलच्या गाड्या उघडून दाखवल्या.

यात माझ्या कामाची एक गोष्ट सापडली. हा सगळा दीडशे वर्षांचा खटाटोप 'किल्ली खरी आहे का?' याच प्रश्नाभोवती आहे. किल्ली कुठे आहे आणि कोणाच्या हातात आहे, हे माझ्या गाडीचा साधा रिमोट विचारतच नाही. कोड बरोबर होता, गाडीने आज्ञा पाळली. गाडीच्या हिशेबाने ती पंधरा-वीस मिनिटं मालकीण अडीच वर्षांची होती, आणि बाहेर काच बडवणारा घामाघूम माणूस चोर. हा बग नाही. स्पेसिफिकेशनप्रमाणे सगळं ठीक चाललं होतं.

आता ती पंधरा-वीस मिनिटं. २००५ मध्ये 'पीडियाट्रिक्स'मध्ये एक अभ्यास आला होता. उन्हात उभ्या बंद गाडीतलं तापमान तासाभरात सरासरी २२ अंश सेल्सियसने वाढतं, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. त्या दिवशी तर बाहेरच चाळिशीच्या वरचं मराठवाड्याचं ऊन होतं. हे आकडे मला तेव्हा माहीत नव्हते. माहीत असते तर मी पहिल्या मिनिटाला काच फोडली असती. ते मी केलं नाही. आणि का नाही केलं, हे इथे लिहिलं नाही तर या पोस्टला काही अर्थ नाही. माझ्या मनात आलं, काचेला किती खर्च येईल? फुटक्या काचेची गाडी घेऊन मांडवात कसं जायचं? ताई मेडिकलमधून धावत आली आणि तिनं रस्त्यावरचा दगड उचलला. मीच म्हणालो, "थांब, एक मिनिट, कोणीतरी येतोय."

खरंच येत होता. रसवंतीवाल्याने फोन केला होता. एक म्हातारे सरदारजी मोपेडवर आले, पुढे पत्र्याची पेटी, तिच्यावर किल्ल्यांचे जुडगे लोंबकळत होते. काही विचारलं नाही. दाराच्या वरच्या कडेला पाचर सारली, फटीतून लांब तार घातली, आणि दोन-तीन मिनिटांत आतलं बटण दाबलं. ताईने भाचीला ओढूनच बाहेर काढलं. लाल झाली होती, पण रडत होती. रडत होती हेच चांगलं.

नांदेड-परभणीकडे किल्ल्या बनवणारे बरेच जण शीख शिकलकरी समाजातले असतात. 'शिकलगार' हा शब्द 'सैकल' म्हणजे पाणी चढवणं, घासून झळाळी आणणं, यावरून आलाय. तलवारी, भाले, चिलखतं बनवणारी आणि त्यांना धार लावणारी ही माणसं. सहावे गुरू हरगोविंद आणि दहावे गुरू गोविंदसिंग यांच्या फौजांना शस्त्रं पुरवल्याची त्यांची परंपरा सांगितली जाते. गुरू गोविंदसिंगांचं देहावसान १७०८ मध्ये नांदेडलाच झालं, पालमपासून तासा-दीड तासाच्या अंतरावर. १८४९ मध्ये पंजाबचं राज्य इंग्रजांनी घेतलं, १८७८ च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिश मुलखात हत्यारांवर निर्बंध आले, आणि तलवारी घडवणाऱ्या हातांना कामच उरलं नाही. मग ते सुऱ्या, विळे, बादल्या आणि किल्ल्यांकडे वळले. पोटासाठी गावोगाव फिरणं आलं, आणि फिरणाऱ्यावरचा संशयही आला. कुलूप उघडता येणाऱ्या माणसाकडे आपण कसं बघतो, ते तुम्हाला ठाऊकच आहे. अडलो की देव, एरवी नजर.

भाचीला पाणी पाजून, सावलीत बसवून झाल्यावर मी पाकीट काढलं. सरदारजींनी हातानेच थांबवलं. म्हणाले, "थांबा. गाडीचे कागद दाखवा आधी."

मी गोंधळलो. म्हटलं, "आता? गाडी तर उघडली तुम्ही!"

"लेकरू आत होतं. आधी लेकरू, मग कागद," ते म्हणाले, आणि चष्मा लावून आरसीवरचं नाव माझ्या लायसनशी अक्षर न् अक्षर ताडून बघितलं. मगच पैसे घेतले, तेही अगदीच थोडे.

कुलुपाच्या इतिहासाचा सगळा विचार केल्यावर मला वाटतं, अडसर गेला तेव्हा आपण एक गोष्ट गमावली: दारापाशी असलेलं, प्रसंग बघून निर्णय घेणारं माणूस. माझ्या गाडीला कोड कळत होता, क्रम कळत नव्हता. आणि खरं सांगायचं तर त्या वीस मिनिटांत तो मलाही कळला नाही.

असो. आता माझी किल्ली खिशाबाहेर पडत नाही आणि भाचीला प्लास्टिकच्या किल्ल्यांचा जुडगा आणून दिलाय. (तिला तो अजिबात आवडलेला नाही.) तुमच्यावर अशी वेळ येऊ नये. पण आलीच, आणि आत मूल असेल, तर शोधाशोध, फोनाफोनी काही करू नका. मुलापासून सगळ्यात लांबची काच निवडा आणि फोडा. काच नंतर बसवता येते.