तिसरा फाटा
२७ मार्च १९७७, तेनेरीफ. दाट धुक्यात धावपट्टीवरून संथ चाललेल्या पॅन ॲमच्या बोइंग ७४७ ला तिसऱ्या फाट्याने बाहेर पडण्याची सूचना होती. तिथे सुमारे १४८ अंशांचे वळण होते. विमान चौथ्याकडे निघाले. समोरून, परवानगीविना उड्डाणासाठी धावत सुटलेले केएलएमचे ७४७ त्यावर आदळले. मृत्यू ५८३.

७४७ चे पुढचे चाक पायांच्या पेडलने जेमतेम ७ अंश वळते; ७० अंशांसाठी टिलर हे हाताचे सुकाणू लागते. १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर आला, तो चिमुकल्या सेसनाचा. पुढे महाकाय विमानेही त्यात आली. पण अनेक घरांत तीही एकाच जॉयस्टिकच्या पिळाने वळवली जात. म्हणून टिलरसाठी स्वतंत्र नियंत्रण मागणाऱ्या हौशी वैमानिकांना हट्टी म्हणू नये. तेनेरीफचा तिसरा फाटा जॉयस्टिकच्या पिळाने कळत नाही.