मॅकबेथ आणि माणसांची यादी

'महत्त्वाकांक्षेने मॅकबेथचा नाश केला' हे वाक्य इंग्रजीच्या वर्गात इतक्या वेळा उतरवून घेतले जाते की परीक्षा संपल्यावर विद्यार्थ्याजवळ एवढेच उरते : मोठे व्हायची इच्छा धरणे वाईट. ज्यांच्या बापजाद्यांना 'पायरीने राहा' एवढेच ऐकवले गेले, त्यांच्या मुलांनी शेक्सपिअरकडूनही तेच शिकायचे काय? नाटक खरोखर हे सांगते काय, ते तपासले पाहिजे.

प्रथम इतिहास. स्कॉटलंडचा खरा मॅकबेथ इ. स. १०४० ते १०५७ अशी सतरा वर्षे राजा होता. डंकनला त्याने पाहुणा म्हणून घरी आणून झोपेत मारले नाही. डंकन १०४० साली फौज घेऊन मॅकबेथच्या मुलखावर चालून गेला आणि तेथे मारला गेला. तो म्हाताराही नव्हता. बापाची गादी थोरल्या मुलालाच, हा नियमही त्या काळी तेथे रुळलेला नव्हता. राजकुळातल्या कर्त्या पुरुषाचा दावा चालत असे. १०५० साली मॅकबेथ रोमची यात्रा करून आला. ज्याचे आसन डळमळीत आहे असा राजा इतक्या दूर जात नाही.

शेक्सपिअरने कथा घेतली हॉलिनशेडच्या बखरीतून. त्या बखरीत बँको हा डंकनच्या खुनात मॅकबेथचा साथीदार आहे, आणि मॅकबेथने दहा वर्षे चांगला कारभार केल्याचीही नोंद आहे. नाटकात या दोन्ही गोष्टी गळल्या. नाटक साधारण १६०६ चे. १६०३ पासून इंग्लंडच्या गादीवर स्कॉटलंडचा राजा जेम्स बसला होता आणि तो आपले कुळ बँकोपर्यंत नेत असे. राजाचा मूळपुरुष खुनी कसा दाखवायचा? मौज अशी की बँको नावाचा माणूस होऊन गेला याला पुरावाच नाही. वंशावळी धुऊन स्वच्छ करण्याची विद्या केवळ आपल्याकडच्या भाटांनाच येत होती, असे समजू नये.

एवढ्याने नाटक निकालात निघत नाही. दरबार सांभाळता सांभाळता शेक्सपिअरने एक माणूस आतून बदलत जाताना जे पाहिले आहे, ते दरबाराच्या पलीकडचे आहे.

पहिल्या अंकात मॅकबेथची वार्ता येते ती रणांगणावरून. एका बंडखोराला उभा चिरून त्याचे शिर त्याने तटावर लावले, म्हणून दरबारात त्याचा जयजयकार होतो. म्हणजे रक्ताची सवय त्याच्या हातांना आधीपासूनच आहे. राजासाठी सांडलेले म्हणून त्याला शौर्य म्हणायचे! तरीही डंकनला मारायच्या वेळी तो अडखळतो. हा आपला आप्त, आपला राजा, आज आपला पाहुणा. बायको त्याच्या मर्दपणावर बोट ठेवते, तेव्हा माणसाला शोभेल अशा गोष्टींना एक हद्द असते, हे तो तिला सांगू पाहतो. 'माणूस' हा शब्द त्याच्या लेखी अजून जिवंत आहे.

तिसऱ्या अंकातला प्रसंग आमच्या प्राध्यापक मंडळींकडून दोन ओळींत उरकला जातो. बँकोला मारण्यासाठी राजा झालेला मॅकबेथ दोन माणसे बोलावतो. ती दैवाने पिचलेली, जगावर चिडलेली आहेत. तुमच्या दैन्याला बँकोच कारण, हे तो त्यांना आधीच पटवून देतो. आम्हीही माणसेच आहोत, असे ते म्हणतात. त्यावर तो उत्तर देतो ते कुत्र्यांचे. यादीत सगळीच कुत्री, पण त्यांत शिकारी, राखणदार, गावठी अशा जाती. प्रत्येकाची पायरी वेगळी. तुम्ही माणसांच्या यादीत तळाला नसाल, तर खून करून दाखवा!

आपला वाचक येथे थबकल्याशिवाय राहणार नाही. बायकोने जे शस्त्र त्याच्यावर चालवले, तेच तो आता खालच्यांवर चालवतो. फरक इतकाच की ती बरोबरीने भांडत होती, हा उतरंडीच्या माथ्यावरून बोलतो आहे. वर चढावेसे वाटणे वेगळे. चढल्यावर तेथे टिकण्यासाठी खालच्यांना आपसात पायऱ्या वाटून देणे वेगळे. मॅकबेथ पहिल्यावरून दुसऱ्यावर कधी येतो, ते या प्रसंगात दिसते. आणि त्यांच्यावरही त्याचा भरवसा नाही. ऐनवेळी तिसरा मारेकरी येऊन उभा राहतो, तेव्हा तुला कोणी पाठवले असे त्यांनाच विचारावे लागते.

पुढची घसरण वेगाने होते. बँकोचा बेत तो बायकोलाही सांगत नाही. डंकनच्या वेळी त्याला हवेत खंजीर दिसला होता, बँकोच्या वेळी मेजवानीत भूत दिसले. मॅकडफच्या बायकामुलांच्या कत्तलीनंतर काहीच दिसत नाही. ना विचार, ना चर्चा. मनात आले आणि हुकूम सुटला. शेवटी बायकांचा आक्रोश कानी पडतो, तेव्हा भीती म्हणजे काय हेच आपण विसरलो, असे त्याच्या ध्यानात येते. बायको गेल्याचे कळते, त्यालाही त्याच्याजवळ धड शोक नाही.

मग त्याचेच शिर आणले जाते. ते पुढे ठेवून माल्कम आपल्या सरदारांना अर्ल ही नवी पदवी देतो आणि मेलेल्या राजाच्या क्रूर हस्तकांना हुडकून काढण्याचे जाहीर करतो. त्या दोघांना नाटकभर नाव नाही, पहिला मारेकरी आणि दुसरा मारेकरी एवढेच; या वेळीही त्यांचे नाव कोणी विचारीत नाही.