‘पीएलटी’ची ओळख कुणी करून द्यायची?

पायथॉनमध्ये पहिला आलेख काढायला बसलेल्या बहुतेकांना एक लाल ओळ भेटतेच. नेमएरर : ‘पीएलटी’ हे नाव डिफाइन केलेलं नाही. मॅटप्लॉटलिब तर इन्स्टॉल केलंय, मग हे काय? आज या ओळीमागचा इतिहास पाहू.

सुरुवात होते अमेरिकेतले मेंदूसंशोधक जॉन हंटर यांच्यापासून. त्यांचा गट अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युत-संकेत तपासायचा. त्यासाठीच्या सॉफ्टवेअरचा परवाना एकच, त्यामुळे त्याची डोंगल सगळे आळीपाळीने वापरायचे. हंटर यांनी आधी मॅटलॅबमध्ये पर्याय लिहिला. तो तोकडा पडला, तसे ते पायथॉनकडे वळले आणि २००३मध्ये मॅटप्लॉटलिब लोकांसमोर आलं.

मॅटलॅबवाल्यांना नुसतं ‘प्लॉट’ लिहिलं की आलेख मिळायची सवय. त्यांच्यासाठी ‘पायलॅब’ होतं. ‘फ्रॉम पायलॅब इम्पोर्ट स्टार’ म्हटलं की आलेखाची आणि नमपायची ढीगभर नावं एकदम घरात! सोय झाली खरी, पण पाहुण्यांनी घरच्यांचीच जागा बळकावली.

पायथॉनचं स्वतःचं ‘सम’ घ्या. ० ते ४ची बेरीज सांगितली आणि सोबत उणे १ दिला, तर ते उणे १पासून मोजायला लागतं. उत्तर ९. नमपायचं ‘सम’ त्याच उणे १चा अर्थ ‘शेवटचा अक्ष’ असा लावतं. उत्तर १०. ओळ तीच, उत्तर वेगळं, आणि एररचा पत्ता नाही! रुग्णांच्या नोंदी तपासणाऱ्याला हे परवडेल का?

म्हणूनच आता मॅटप्लॉटलिबची अधिकृत माहितीच सांगते की पायलॅब टाळा. रूढ झाली ती ओळ अशी : ‘इम्पोर्ट मॅटप्लॉटलिब डॉट पायप्लॉट ॲज पीएलटी’. ‘पीएलटी’ हे नाव पायथॉनला जन्मजात ठाऊक नसतं. ते या ‘ॲज’मुळे तयार होतं. ‘ॲज’ गाळलं तर ओळख होते फक्त ‘मॅटप्लॉटलिब’ची. नोटबुकचं कर्नल रीस्टार्ट केलं की सगळ्या ओळखी पुसल्या जातात, मग इम्पोर्टचा सेल पुन्हा चालवायचा. पॅकेजच नसेल तर तक्रार वेगळी येते : मोड्यूलनॉटफाउंडएरर. तेव्हा नेमएरर दिसला की लगेच इन्स्टॉल करत सुटू नका, आधी वरच्या ओळी बघा.

हंटर २०१२मध्ये, वयाच्या ४४व्या वर्षी गेले. २०१९मध्ये कृष्णविवराची पहिली प्रतिमा जगाने पाहिली, त्या कामातही मॅटप्लॉटलिब होतं. अशा कामात गुपचूप आलेल्या चुकीच्या उत्तरापेक्षा ओरडून थांबवणारी लाल ओळ केव्हाही बरी, नाही का?