कृत्तिकांचा स्वामी कोण?

जन्मपत्रिकेत कृत्तिकांचा स्वामी सूर्य, रोहिणीचा चंद्र, असे आपण सांगतो. परंतु तैत्तिरीय संहितेत नक्षत्रांना ग्रह नव्हे, देवता दिलेल्या आहेत : कृत्तिकांची अग्नी, रोहिणीची प्रजापती. तेथील गणनाही अश्विनीपासून नव्हे, कृत्तिकांपासून सुरू होते.

ग्रहांचे स्वामित्व पुढे विंशोत्तरी दशापद्धतीत रूढ झाले. तीत नऊ ग्रहांना प्रत्येकी तीन नक्षत्रे असून एकूण १२० वर्षे वाटून दिली आहेत. विशेष हे, की ती वाटणीही कृत्तिकांपासूनच, सूर्याच्या ६ वर्षांनी, आरंभ पावते. वैदिक गणनेची खूण तीत अशी टिकून आहे.

कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, असे शतपथ ब्राह्मणात म्हटले आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–१८९८) या शिक्षकाने गणिताने त्या वचनाचा काळ सुमारे ५००० वर्षांपूर्वीचा ठरविला. त्यांचा मराठी ज्योतिषेतिहास १८९६ साली प्रसिद्ध झाला. हा काळ सर्वांस मान्य नाही. तथापि अयनचलनामुळे कृत्तिका पूर्वेपासून ढळल्या, हे निर्विवाद आहे. आज स्वोर्ड्सहून त्या ईशान्येस उगवताना दिसतात.

येथे वाढणाऱ्या आपल्या मुलांना कृत्तिका केवळ पत्रिकेतील एक नाव म्हणून ठाऊक असतात. तिचा स्वामी सांगण्यापूर्वी हिवाळ्यातील एखाद्या निरभ्र रात्री तो तारकापुंज त्यांना दाखवावा. शास्त्राचा आरंभ तेथूनच झाला.