स्कायरिममधील हिंस्र वन्य जीव

‘द एल्डर स्क्रोल्स ५ : स्कायरिम’ या संगणकीय खेळातील काल्पनिक प्रदेशात वावरणारे, खेळाडूच्या जिवाला धोका असलेले रानटी जीव. बेथेस्डा गेम स्टुडिओजचा हा खेळ ११ नोव्हेंबर २०११ रोजी प्रसिद्ध झाला. स्कायरिम हा टॅमरिएल खंडाच्या उत्तरेकडील डोंगराळ व थंड प्रांत होय. कथेच्या केंद्रस्थानी ड्रॅगन असले, तरी वाट सोडून रानात शिरणाऱ्याची गाठ आधी पडते ती या जनावरांशी.

जायंट व मॅमथ : व्हाइटरन शहराजवळच्या माळरानावर जायंट नावाचे महाकाय जीव मॅमथांचे कळप राखतात. त्यांच्या तळावर मोठी शेकोटी आणि मॅमथच्या दुधाचे चीज आढळते. अंगावर चिन्हे रंगवलेली गाय त्यांना अर्पण करण्याची चाल शेतकऱ्यांत आहे. कोणी जवळ आल्यास जायंट आधी सोटा उगारून बजावतो. वेळीच मागे फिरणाऱ्याच्या तो वाटेस जात नाही. त्याचा सोटा वर्मी बसला, की खेळाडू आकाशात उंच भिरकावला जातो. हा मुळात खेळातील भौतिकी-प्रणालीचा दोष होता. निर्मात्यांनी गंमत म्हणून तो जाणूनबुजून राहू दिला.

फ्रॉस्ट ट्रोल : पांढऱ्या केसांचा, लांब हातांचा, तीन डोळ्यांचा जीव. डोंगरावरील हाय ह्रॉथगार मठाकडे चढणाऱ्या ‘सात हजार पायऱ्यां’च्या वाटेवर तो दबा धरून असतो. त्याच्या जखमा झपाट्याने भरून येतात; आग हा त्यावरचा खरा उतारा.

इतर जीव : अस्वल गुरगुरून इशारा देते. सुळेदार सेबर कॅट मात्र थेट झेप घेते व पळणाऱ्यालाही गाठते. फ्रॉस्टबाइट कोळी दुरूनच विष थुंकतो.

बळाचे गणित : खेळातील बरेच शत्रू खेळाडूच्या पातळीप्रमाणे बदलतात, या प्राण्यांत मात्र बहुधा जातीनुसार पातळी ठरलेली असते. फ्रॉस्ट ट्रोल २२, जायंट ३२ आणि मॅमथ ३८ व्या पातळीचा. समोरचा नवखा आहे म्हणून जायंट दुबळा होत नाही. त्यामुळे कोणते रान टाळावे, कोणत्या आवाजाला थबकावे, हे खेळाडूला शिकावेच लागते. ज्या माळाला सुरुवातीला वळसा घालावा लागला, तो पुढे निर्धास्तपणे ओलांडता येणे, हीच या खेळातील प्रगतीची सर्वांत स्पष्ट खूण ठरते.