आलमपूरची छत्री

भाद्रपद वद्य पक्षात, ज्या तिथीस पिता निवर्तला असेल त्या तिथीस त्याचे महालयश्राद्ध करावे, हा आपल्याकडील सर्वमान्य प्रघात आहे. या नियमास एक अपवाद शास्त्रकारांनी आवर्जून सांगून ठेवला आहे. जो शस्त्राने मारला गेला त्याचे श्राद्ध चतुर्दशीस करावे, मग त्याच्या मृत्यूची तिथी कोणतीही असो. याज्ञवल्क्यस्मृतीच्या श्राद्धप्रकरणात हा विधी आला आहे, आणि आजच्या पंचांगांतही सर्वपित्री अमावास्येच्या आदल्या दिवशी शस्त्रादिहतांच्या श्राद्धाची नोंद सापडते.

या अपवादाचे मर्म काय असावे? आम्हांस असे वाटते की, शिपायाचा मृत्यू घरच्या माणसांच्या डोळ्यांसमोर घडत नाही, ही गोष्ट स्मृतिकारांच्या ध्यानी होती. तो दूरदेशी पडतो. वार्ता घरी येते ती महिन्यांनी. तिथी कोणती, अग्नी कोणी दिला, हे पुष्कळदा मुलांस कळतच नाही. अशा मुलांसाठी समाजाने एक दिवस राखून ठेवला. त्या दिवशी गावोगावचे शिपायांचे पुत्र एकाच वेळी तिलोदक देतात. ज्याचे दुःख एकट्याचे होते ते त्या दिवसापुरते अनेकांचे होते.

याच विचाराचे दुसरे टोक म्हणजे माघ शुद्ध अष्टमी, भीष्माष्टमी. भीष्म हा सेनापती, आणि तो निपुत्रिक. त्याला पाणी देणारा कोणी नाही, म्हणून सर्वांनी द्यावे, असे परंपरेने ठरविले. ज्या योद्ध्याला पुत्र नाही त्याचा पुत्र सर्व समाज, इतका उदार अर्थ त्या एका ओंजळीत भरला आहे. शिपाई पित्याचे स्मरण ही केवळ त्याच्या वंशाची खाजगी बाब नव्हे, असे आमची परंपरा प्रथमपासून मानीत आली आहे. हेच सूत्र धरून मराठ्यांच्या इतिहासातील एका स्मारकाकडे वाचकांनी आमच्यासवे पाहावे, अशी विनंती आहे.

त्या स्मारकाकडे जाण्यापूर्वी आपल्या अंगणातील वीरगळाची आठवण करणे उचित होईल. गोव्यात, बेळगाव भागात आणि कोल्हापूरच्या पट्ट्यात देवळांच्या आवारात हे दगड शेकड्यांनी उभे आहेत. जुन्या गोव्याच्या पुराणवस्तुसंग्रहालयात तर नौकायुद्ध कोरलेले वीरगळही पाहावयास मिळतात. रचना बहुधा ठरलेली. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीरास वर नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, आणि शिखराशी सूर्य व चंद्र. हे सूर्यचंद्र शोभेसाठी नव्हेत. हेच दोघे जुन्या दानपत्रांवर आणि इनामाच्या शिळांवरही दिसतात, आणि त्यांचा अर्थ 'आचंद्रार्क' असा आहे. जोवर चंद्रसूर्य आहेत तोवर ही स्मृती, जोवर चंद्रसूर्य आहेत तोवर ही जमीन. दगडावर कोरलेली ही प्रतिज्ञा पाळण्याचे काम मात्र मागे राहिलेल्या माणसांचे होते.

मराठ्यांचे घोडे नर्मदा ओलांडून गेले तेव्हा हीच प्रतिज्ञा त्यांनी छत्रीच्या रूपाने उत्तरेत नेली. राणोजी शिंदे १७४५ साली माळव्यात निवर्तले. त्यांचे ज्येष्ठ पुत्र जयाप्पा १७५५ साली नागोरजवळ आपल्या छावणीत मारेकऱ्यांच्या हातून पडले. दत्ताजी १७६० च्या जानेवारीत बुराडीच्या घाटावर पडले. आणि जयाप्पांचा तरुण पुत्र जनकोजी १७६१ च्या पानिपतानंतर मारला गेला. एका घराण्याच्या एवढ्या चिता, आणि त्यांतील एकही आपल्या गावच्या नदीकाठी नाही. अशा वेळी जेथे देह पडला तेथेच छत्री उभारावी, तेथे दिवा लागेल अशी व्यवस्था करावी, हा मार्ग या सरदार घराण्यांनी पत्करला. छत्री म्हणजे परमुलखात पित्यासाठी बांधलेले घरच होय.

मल्हारराव होळकरांची छत्री आलमपूर येथे आहे. हे गाव आज मध्य प्रदेशाच्या भिंड जिल्ह्यात मोडते. नीरेकाठच्या होळ गावात १६९३ साली जन्मलेला हा पुरुष बालपणीच पितृसुखास अंतरला. खानदेशात मामाच्या आश्रयाने तो वाढला, कदमबांड्यांच्या पथकात शिलेदारी करू लागला, पुढे बाजीरावांच्या लष्करात आला आणि माळव्याचा सुभेदार झाला. १७३७ च्या दिल्लीच्या स्वारीपासून १७३९ च्या वसईच्या मोहिमेपर्यंत, आणि तेथून पानिपतापर्यंत त्याचे आयुष्य घोड्याच्या पाठीवरच गेले. २० मे १७६६ रोजी आलमपूरच्या मुक्कामी त्याचा अंत झाला, तोही उत्तरेकडील मोहिमेवर असतानाच. वय त्र्याहत्तर.

आता प्रश्न उभा राहिला तो पुत्रकर्तव्याचा. मल्हाररावांचा पुत्र खंडेराव १७५४ सालीच कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून पडला होता. नातू मालेराव सरदारीवर आला, पण १७६७ साली तोही गेला. पुत्र नाही, पौत्र नाही. उरली ती सून. जिला कुंभेरीच्या चितेपासून स्वतः मल्हाररावांनी मागे फिरविले, ती अहिल्याबाई. श्राद्धाच्या अधिकाऱ्यांची जी मालिका निबंधकारांनी दिली आहे तीत पुत्र पहिला आणि सून कितीतरी मागे. परंतु इतिहासाने या घराण्यात मधली सारी नावे खोडून टाकली होती. दौलतीच्या दिवाणाने दत्तकाचा सल्ला दिला, तो बाईंनी मानला नाही. पती, पुत्र आणि सासरा यांची कर्तव्ये तिने एकटीने उचलली. सासरा हा तिचा पिताच झाला होता, आणि ती त्याचा पुत्र झाली.

आलमपूरची छत्री बाईंनी उभारविली. गावाला मल्हारनगर असे नाव दिले. ते लोकांच्या तोंडी रुळले नाही, ही गोष्ट वेगळी. छत्रीच्या खर्चासाठी भोवतालची गावे लावून देण्यात आली. याचा एक परिणाम मोठा विलक्षण झाला. इंदूर संस्थानाच्या नकाशात आलमपूरचा चिमुकला परगणा मुख्य मुलखापासून दूर, ग्वाल्हेर, दतिया आणि समथर यांच्या हद्दींनी वेढलेला असा राहिला. राज्ये बदलली, तह झाले, इंग्रजी अंमल आला आणि गेला; पण एका शिपायाच्या समाधीपायी तो तुकडा १९४८ साली मध्य भारत राज्य होईपर्यंत होळकरांचाच राहिला. आचंद्रार्क नव्हे, तरी पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ.

येथे कायद्याचा विचार करणे आम्हांस भाग आहे. जमीन कायमची एखाद्या हेतूस बांधून टाकणे हे कोणत्याही कायद्यास सहसा रुचत नाही. मेलेल्याच्या इच्छेने जिवंतांच्या हातापायांत बेडी पडते, हा त्यावरील आक्षेप. धर्मादाय हेतूस मात्र कायदा ही सवलत देतो, कारण त्यात पुण्य आणि लोकांचे हित आहे. मग पित्याच्या किंवा पतीच्या समाधीवर नित्य पूजा चालावी म्हणून जमीन कायमची लावून दिली, तर ते धर्मादाय ठरते काय? भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न १९५३ साली आला. मद्रासकडील एका विधवेने पतीच्या समाधीची नित्यपूजा व वार्षिक उत्सव यांसाठी मिळकत अर्पण केली होती. न्यायालयाने ते अर्पण निरर्थक ठरविले. एखाद्या कृत्याने पुण्य लाभते की नाही हे शास्त्रावरून किंवा मोठ्या समाजाच्या रूढ श्रद्धेवरून ठरावे. केवळ अर्पण करणाऱ्या व्यक्तीला तसे वाटते एवढे कारण पुरेसे नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता.

पहिल्या वाचनी हा निर्णय कठोर वाटतो. एका स्त्रीची निष्ठा, आणि कायदा तिला निरर्थक म्हणतो! परंतु आम्ही जसजसा त्याचा विचार करतो तसतसे आम्हांस असे दिसते की, न्यायालयाने जी रेषा आखली ती आपल्या पूर्वजांनीच आधी आखून ठेवली होती. वीरगळाच्या शिखराशी त्यांनी वीराची मूर्ती पूज्य म्हणून बसविली नाही. तेथे शिवलिंग कोरले आणि वीराला पूजक केले. महेश्वरास अहिल्याबाईंच्या स्मरणार्थ जे अहिल्येश्वर मंदिर आहे तेथेही पुढे लिंग आणि त्यामागे बाईंची मूर्ती, अशी मांडणी आहे. पुण्याजवळ वानवडीस महादजी शिंद्यांचा अंत्यसंस्कार १७९४ साली झाला तो त्यांनीच केलेल्या शिवालयाच्या परिसरात. मृताला देव करावयाचे नाही. मृताच्या नावाने देवाची आणि माणसांची सेवा करावयाची. देवळात येणारा परका मनुष्य लिंगाला हात जोडतो आणि जाता जाता त्या नावालाही जोडतो. स्मृती टिकते ती या दुसऱ्या नमस्काराने.

अहिल्याबाईंना हे पूर्ण उमगले होते, याचा पुरावा आलमपुरात नाही, तो गयेस आहे. गया हे पितृकार्याचे परमक्षेत्र. तेथील विष्णुपद मंदिर आज ज्या रूपात उभे आहे ते बाईंनी १७८७ साली बांधविलेले. आलमपुरी त्यांनी आपल्या पित्यासमान सासऱ्यासाठी दगड उभा केला. गयेस त्यांनी अशी जागा बांधिली की, जेथे कोणाचाही पुत्र आपल्या पित्यास पिंड देऊ शकेल. पहिल्या कामाने होळकरांचे ऋण फिटले, दुसऱ्याने सर्वांचे फिटण्याची सोय झाली. आलमपूरचे नाव आज इंदूरच्या मराठी माणसांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असेल. पण गयेस विष्णुपदापाशी दर पितृपक्षात जी रीघ लागते तीत आपापल्या शिपाई पित्याचे नाव घेणारे किती असतील याची गणती नाही.

संस्थाने गेल्यावर या दानधर्मांचे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. होळकरांच्या खासगी धर्मादायांसाठी १९६२ साली न्यास स्थापन झाला. देशभर विखुरलेली देवळे, घाट आणि धर्मशाळा त्याच्याकडे आल्या. या मिळकतींवरून पुढे वाद झाला, आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, हा न्यास मध्य प्रदेशाच्या सार्वजनिक न्यासांच्या कायद्याखाली येतो व त्याने त्याप्रमाणे नोंदणी केली पाहिजे. वादाच्या तपशिलात आम्ही शिरत नाही. त्यातील तत्त्व तेवढे घ्यावे. जे लोकांसाठी दिले त्याचा हिशेब लोकांस द्यावा लागतो, आणि तो देणे हीही पितृसेवाच होय.

आता आपल्या आजच्या घरांकडे वळू. बेळगावात मराठा पलटणीचे केंद्र आहे, आणि त्या परिसरात बाप किंवा आजा लष्करात होता अशी घरे गल्लोगल्ली आहेत. गोव्यात आणि इंदूर-ग्वाल्हेरकडेही ती कमी नाहीत. अशा घरात भिंतीवर गणवेशातील एक तसबीर असते, पेटीत पदके असतात, आणि मुलांच्या मनात काहीतरी करावे अशी इच्छा असते. पुतळा किंवा चौथरा बांधण्याकडे सहज कल होतो. त्यांना आम्ही वडीलकीच्या नात्याने नव्हे, तर सहधर्मी म्हणून एवढेच सुचवितो: आधी त्या माणसाची हकिगत लिहून काढा. पलटण कोणती, कोठे कोठे होता, केव्हा निवृत्त झाला, घरी परतल्यावर कशी वर्षे काढली, हे आईच्या किंवा वडीलधाऱ्यांच्या तोंडून आजच टिपून घ्या. मग काही अर्पण करावयाचे असेल तर ते गावच्या देवळात वार्षिक अन्नदान, विद्यार्थ्यास साहाय्य, वाटसरूस पाणी अशा हेतूने करा. लेखात हेतू स्पष्ट लिहा, न्यासाची रीतसर नोंद करा, आणि खाली पित्याचे नाव घाला. कायदाही त्यास हात लावणार नाही, आणि शास्त्रही त्यास मान देईल.

आणि ज्यांना यांतले काहीच शक्य नाही त्यांच्यासाठी भाद्रपदातली ती चतुर्दशी आहेच. ज्यांचा पिता सुखाने घरी निवर्तला त्यांनीही त्या दिवशी एक ओंजळ अधिक द्यावी, असे आमचे मागणे आहे. भीष्माला देतो, तशीच. ज्या शिपायाचे नाव घेणारे कोणी उरले नाही, ती त्याला पोचेल.